हरकत नसल्यास

“तुम्ही शेखर सर ना?” मागच्या आडव्या बाकावरून कोणीतरी म्हणालं. सिन्नरहून नाशिक रोडला येणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये शेखर मधल्या सीटवर चौथा बसला होता, म्हणजे अर्धा सीटवर आणि अर्धा दाराच्या कडीवर. आत्ताच त्याने ड्रायव्हरला एवढंच विचारलं होतं, की बिटको चौकापर्यंत येणार की सिन्नर फाट्यावरच उतरवणार. तेवढ्या एका वाक्यावरून ओळखू यावा असा तो कोणी लागून गेला नव्हता. पाइपच्या कारखान्यात कॉम्प्युटर बंद पडले की ज्याच्या नावाने हाका मारतात आणि चालू झाले की ज्याला विसरतात, तो माणूस. मान वळवून पाहिलं तर विशीतली एक मुलगी, मांडीवर गच्च भरलेली सॅक, कपाळावर घामाने चिकटलेले केस. “आवाजावरून ओळखलं,” ती म्हणाली. “तोंड कधी पाहिलंच नाही ना तुमचं. कॅमेरा बंदच असतो. मी निकिता. रविवारी असते ना मी मीटिंगला.”

असते. हो, असते. शेखरला तिचा चेहरा माहीत नव्हता, पण तिचं नाव त्याला त्याच्या घराच्या दाराइतकं ओळखीचं होतं. रविवारी सकाळी अकराला मीटिंग सुरू झाली, की पडद्यावर डाव्या कोपऱ्यात करड्या रंगाचं एक गोल यायचं, त्यात ‘नि’, आणि त्याच्याखाली आवाज बंद असल्याची लाल फुली. मीटिंग संपेपर्यंत ते तिथेच असायचं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, थंडी गेली, गोल हललं नाही. पोरगी ऐकते आहे, शिकते आहे, शिकू दे, असं तो मनाशी म्हणायचा आणि त्याला त्या गोलाकडे बघून जरा बरंसुद्धा वाटायचं. एक माणूस नक्की आहे. आता तेच गोल काळीपिवळीत मागच्या बाकावर हाडामांसाचं होऊन बसलं होतं. “अरे वा,” तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

“सर, गट खरंच बंद करताय का तुम्ही?”

मी नाही करत, असं तो म्हणाला आणि म्हणता म्हणताच त्याला वाटलं, की हे वाक्य पुरतं खरं नाही.

त्या प्रकल्पाचं खरं नाव परदेशी आणि जिभेची परीक्षा घेणारं होतं, म्हणून इकडची मंडळी त्याला ‘बोलका’ म्हणत. ज्यांना दिसत नाही त्यांना फोनच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. तो कुणाच्या मालकीचा नाही, वापरायला पैसे लागत नाहीत, जगभरची माणसं आपापला नोकरीधंदा सांभाळून तो बनवतात आणि ज्याला वाटेल त्याने येऊन हात लावावा, असा तिथला मामला. आवाजाचा गट वेगळा, शब्दांचा वेगळा, चुका शोधणाऱ्यांचा वेगळा. बाहेरून पहिल्यांदा येणाऱ्याची अवस्था मोठ्या इस्पितळात शिरलेल्या माणसासारखी होते, दारोदार पाट्या आणि एकीचाही अर्थ लागत नाही. म्हणून शेखरने नवख्यांचा गट काढला होता. कोणता गट काय करतो, विचारायचं कुठे, पहिलं काम लहानसं कसं निवडायचं, कुणी दोन शब्दांत उत्तर दिलं तर तो राग नसून ती तिकडची रीत असते, हे सगळं तो मराठीत, हिंदीत, पुन्हा पुन्हा, न कंटाळता सांगत असे. आणि दर रविवारी एक वाक्य ठरलेलं. “परवानगी मागत बसू नका. इथे कोणी या, बसा म्हणणार नाही. सरळ आत या आणि कामाला लागा.” वेदिका, त्याची बायको, हे वाक्य स्वयंपाकघरातून त्याच्याबरोबर म्हणायची, अगदी त्याच्याच सुरात. वर विचारायची, “इतकी माणसं येतात तुझ्या गटात, चहा तरी पाजतोस का कुणाला?”

जिथे आत शिरायला परवानगी लागत नाही तिथे निर्णयही तशाच पद्धतीने होतात. मतदान नाही, ठराव नाही. सगळे गट मिळून एक मोकळी जागा होती, तिला इकडची मंडळी चावडी म्हणत. ज्याला काही करायचं असेल त्याने चावडीवर लिहायचं, की मी अमुक करणार आहे, आणि शेवटी घालायचं, हरकत नसल्यास. मग सात दिवस थांबायचं. कोणी हरकत घेतली तर चर्चा, नाही घेतली तर झालं. गप्प राहिलेला प्रत्येक माणूस हो म्हणाला असं धरायचं. शेखर नवख्यांना ही पद्धत मोठ्या कौतुकाने समजावून सांगायचा. बघा, एकट्या माणसाच्या एका शब्दाला इथे केवढी किंमत आहे, म्हणायचा. मागच्या शनिवारी हेल्गाने चावडीवर लिहिलं, की नवख्यांच्या गटात इतक्या वर्षांत आलेल्यांपैकी कोणी टिकलेलं दिसत नाही, आता स्वागताचं काम एक यंत्र करू शकेल, तेव्हा हा गट बंद करावा, हरकत नसल्यास. हेल्गा कुठल्याशा थंड गावातली, सगळ्या गटांचा मेळ घालणारी बाई. वाईट नव्हती. वाईट असती तर फार बरं झालं असतं. तिने खाली शेखरचे आभारही मानले होते, मनापासून. मुदत आज संध्याकाळी साडेपाचला संपत होती.

आणि हेल्गाचं म्हणणं साफ चूक होतं, हे शेखरला वाचल्या क्षणीच कळलं होतं. नवख्यांच्या गटात जो तयार होतो तो नवखा राहत नाही. तो दुसऱ्या गटात जातो आणि तिथे मोजला जातो. मालेगावची रेहाना आज शब्दांच्या गटाची प्रमुख होती. रविराज आवाजाच्या गटात होता, तो बोलला की लोक ऐकत. हे दोघं आले तेव्हा त्यांना लिहिता येत होतं, पण पाठवता येत नव्हतं. रेहाना तर पहिले दोन महिने प्रत्येक निरोप आधी शेखरला फोनवर वाचून दाखवायची. मागे यंत्रमागांची खडखड चालू असायची आणि ती ओरडून विचारायची, “सर, ये ठीक है ना? ज्यादा तो नहीं बोल रही मैं?” तिला तो हसायचा. या दोन नावांचं एक वाक्य चावडीवर टाकलं असतं तर काम झालं असतं. ते वाक्य शेखरच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून तयार होतं, स्वल्पविरामांसकट. त्याने ते टाकलं नाही. ते आपण कसं म्हणायचं? ते रेहानाने म्हणायला हवं. रविराजने म्हणायला हवं. सोमवारी रेहानाने चावडीवर लिहिलं, हेल्गाच्या बरोबर खाली, पण ते उर्दूच्या कसल्याशा अक्षरांबद्दल होतं. शेखरने ते तीनतीनदा वाचलं, की त्यात कुठे आडून काही आहे का. नव्हतं. त्या दिवसापासून त्याने चावडीकडे पाठ फिरवली. जेवताना ताटाकडे बघायचा, कारखान्यात बिघडलेल्या यंत्रांकडे बघायचा.

“मग मी घेतली ना हरकत,” निकिता म्हणत होती. मोहदरीचा घाट उतरताना गाडी डोलली आणि तिने पुढच्या सीटचा दांडा धरला. “मंगळवारीच लिहिलं मी. पण ते पुढं गेलंच नाही. थांबलंय म्हणून दाखवतंय.”

शेखरला माहीत होतं का थांबलंय ते. जाहिरातवाले आणि भामटे चावडीवर घुसू नयेत म्हणून एक नियम होता. जो पहिल्यांदाच बोलतोय, किंवा ज्याचं नाव कुठल्याच गटात नाही, त्याचा निरोप एखाद्या माणसाने वाचून सोडल्याशिवाय पुढे जात नसे. ते वाचून सोडायचं काम नवख्यांच्या गटाचं, आणि गटात ते काम करणारा एकच. निरोप थांबलेल्याला पडद्यावर जी सूचना दिसायची तीही शेखरनेच लिहिली होती, फार विचार करून, एका रविवारी दुपारी. आठवडाभर फोनच्या कोपऱ्यात थांबलेल्या निरोपांचा तांबडा आकडा दिसत होता आणि वाढत होता. त्याने तो उघडला नव्हता. जाहिराती असतील म्हणाला. आपण नसल्यावर कळेल त्यांना, असंही एकदा म्हणाला, पण फार हळू.

“तेवढं सोडा ना सर पुढं. आज शेवटचा दिवस हाये.”

“इतके दिवस बोलली नाहीस कधी,” शेखर म्हणाला. त्याला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. “रविवारी मी विचारायचो ना, कुणाला काही बोलायचं आहे का म्हणून.”

“ते सगळ्यांना विचारायचे तुम्ही.” ती हसली. “माझं नाव कुठं घ्यायचे? मला वाटायचं, नवीन आहे मी, नंबर आला की सर सांगतील. काम तर मी करूनच ठेवलंय.” मग तिने सांगितलं. गाडीच्या घरघरीत, मधे बसलेल्या बाईच्या डोक्यावरून, तुकड्या-तुकड्यांत. तिचे वडील लहानू, सिन्नरला टेलर होते. शुगरने नजर गेली. आता दिवसभर बोलका ऐकतात. पण बोलक्याला मराठी आकडे येत नाहीत, एकोणपन्नासला चाळीस नऊ म्हणतो, त्र्याऐंशीला ऐंशी तीन. “पप्पांचं सगळं आयुष्य मापं घेण्यात गेलं सर. आकडा चुकला की त्यांचं डोकंच फिरतं. रोज शिव्या घालतात फोनला.” म्हणून तिने एकपासून नव्याण्णवपर्यंत सगळे आकडे स्वतःच्या आवाजात बोलून ठेवले होते. एकेक आकडा वडिलांना ऐकवून, त्यांनी ठीक म्हटल्यावर पुढचा. चार महिने लागले. आवाजाच्या गटाला कसे हवे असतात ते शेखरने एका रविवारी सांगितलं होतं, बरोबर तसे.

“मग दिले का नाहीस?”

“तुम्ही म्हणालाच नाही, दे म्हणून.”

शिंद्याच्या टोलनाक्यावर गाडी थांबली. कोणीतरी बाहेरून काकड्या विकत होतं. शेखरला एकाएकी फार उकडायला लागलं. त्याने खिशातून फोन काढला आणि हातातच धरून ठेवला. पाच वाजायला आले होते. आत्ता, इथे, अंगठ्याने दोनदा दाबलं असतं तर तिचा निरोप चावडीवर गेला असता, हरकत लागली असती आणि गट राहिला असता. पण हे दिसेल कसं? मुदत संपता संपता, गट चालवणाऱ्याने स्वतःच्याच हाताने, स्वतःच्याच बाजूचा निरोप पुढे सोडला. तोही एका मुलीचा, जी आजवर एक शब्द बोललेली नाही. यानेच लिहून घेतला असेल, म्हणतील. म्हणणार नाहीत, ते असलं काही म्हणत नाहीत, त्यांच्याकडे असलं काही नसतंच. पण शेखरला ते ऐकू आलं, आणि ऐकू आलं ते देवळ्याकडच्या अहिराणी वळणाच्या बोलीत.

वाल्मीकमामा. शेखर कॉलेजात असताना देवळ्याला मावसबहिणीचं लग्न होतं. वाल्मीकमामा नवरीचा सख्खा मामा, पाटावर नवरीला त्यानेच आणायची. आदल्या दिवशी टॉवेल-टोपी करताना त्याचं नाव जरा मागे पडलं, कुणा व्यापाऱ्याला आधी दिली, एवढंच. मामा उठला आणि मांडवामागे कांदे साठवायच्या चाळीच्या सावलीत जाऊन बसला. लग्नात मामा नाहीतर जावई रुसायचाच, त्याशिवाय लग्न लग्न वाटत नाही. कोणीतरी जायचं, हात धरायचा, चला मामा, तुमच्यावाचून अडलंय म्हणायचं, त्याने दोनदा हात झिडकारायचा आणि तिसऱ्यांदा उठायचं. सगळ्यांना पाठ होतं. फक्त त्या दिवशी जो तो समजला, की दुसरा कोणीतरी गेला असेल. मुहूर्त गाठायचा होता. नवरीला चुलत्याने आणली. मंगलाष्टकं झाली, पंगती बसल्या, उठल्या. शेखरने मामाला पाहिलं होतं. पाणी आणायला तो मागे गेला तेव्हा मामा पायाशी पडलेला एक कांदा सोलत बसला होता, एक पापुद्रा, दुसरा पापुद्रा, आणि कान मांडवाकडे. “काय म्हणत्येत तिकडं?” त्याने विचारलं. शेखर म्हणाला, मामा, चला ना. मामाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “तू कोण शे बोलावणारा? मोठ्या माणसाला धाड. मी काय परका शे?” शेखरने ते कुणाला तरी सांगायला हवं होतं. तो पंगतीत वाढायला गेला आणि विसरला. मामा संध्याकाळी उपाशीपोटी चालत गावी गेला, आणि मरेपर्यंत त्या घराची पायरी चढला नाही. त्या घराने तरी कुठे फार शोध केला? लोक हसायचे, रुसुबाई रुसू म्हणायचे. शेखरही हसला होता.

तू कोण शे बोलावणारा. गेले सात दिवस आपण त्या चाळीच्या सावलीत बसलो आहोत, हे शेखरला टोलनाक्यावरच्या त्या उकाड्यात लख्ख दिसलं. दिसलं म्हणून काही उठलं जात नाही, हेही दिसलं. फार वाईट होतं ते. लाज वाटत होती आणि लाजेखाली तीच जुनी हट्टी आशा चिवटपणे बसून होती, की अजून अर्धा तास आहे, रेहाना लिहील. रविराज लिहील. आणि हात धरायला आली आहे ती ही, मांडीवर सॅक घेतलेली.

“बघतो,” तो म्हणाला.

निकिताला ‘बघतो’ कळलं. इकडच्या कुणालाही कळतं. तिने मान हलवली. चेहेडीला गाडी थोडी रिकामी झाली तेव्हा म्हणाली, सोमवारपासून ती पुण्याला कामाला लागतेय, फोनवर बोलायचं काम, आवाज चांगला आहे म्हणाले. आज नाशिक रोडला मावशीकडे मुक्काम, उद्या पहाटेची गाडी. “तिथं सुट्टी रविवारी नसते,” ती म्हणाली. सिन्नर फाट्याला उतरताना तिने सॅक खांद्यावर टाकली, पायरीवर क्षणभर थांबली, जणू काही विचारलं जाईल, आणि मग म्हणाली, “येते सर.” शेखर म्हणाला, “हो, ये.” ड्रायव्हर सोमनाथने दार आपटायला सांगितलं. “जोरात दादा, जोरात. लागत नाय ते.” तिचा नंबर घ्यावा हे त्याला बिटकोला उतरल्यावर सुचलं.

घरी वेदिका वाटाणे सोलत बसली होती. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि उठून चहा ठेवला. आठवडाभर ती त्याला काही बोलली नव्हती आणि ती गप्प राहिली की शेखरला जास्त भीती वाटायची. खिडकीबाहेर जेल रोडवर शनिवारची गर्दी, हॉर्न, कुणाच्या तरी प्रचाराची रिक्षा. त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. बसला. पुन्हा उचलला, वेळ बघितली, पुन्हा पालथा ठेवला.

“मला एक सांग,” वेदिका आतून म्हणाली, “तू स्वतः का नाही लिहीत? दर रविवारी तर ओरडत असतोस, परवानगी मागू नका म्हणून.”

“ते नवीन लोकांसाठी असतं.”

“आणि जुन्यांनी काय करायचं? वाट बघायची?”

तिने चहा आणून ठेवला आणि शेखरने कप उचलला. खरं सांगायचं तर जुन्यांनी काय करायचं याचा त्याने कधी विचारच केला नव्हता. आठ-दहा वर्षांपूर्वी तो आवाजाच्या गटात होता, चुका शोधणाऱ्यांच्या गटात होता, शब्दांच्याही. बोलक्याने मराठीत काढलेला पहिला ‘ळ’ शेखरचा होता. त्या ‘ळ’पायी त्याने वेदिकाला इतक्यांदा ‘बाळ, काळ, केळं’ म्हणायला लावलं होतं, की शेजारच्या अक्काबाईंनी गोड बातमी आहे का म्हणून विचारलं. तसं काही नव्हतं. पुढेही झालं नाही, आणि त्याबद्दल त्या दोघांनी बोलणं हळूहळू सोडून दिलं. मग नवखे यायला लागले. त्यांना वेळ देता यावा म्हणून त्याने आधी शब्दांचा गट सोडला, मग चुकांचा, मग आवाजाचाही. दारावर उभं राहायचं तर आतल्या खोल्यांमध्ये बसून कसं चालेल? लोक येत, तो त्यांना आत सोडी, ते आत जात आणि कामाला लागत. त्याने सांगितलं होतं अगदी तसेच. मागे वळून कोणी बघत नसे. मागे वळून बघा असं त्याने कधी सांगितलं नव्हतं. आता रेहानाचा राग येत होता, आणि तिचा काय दोष, हा प्रश्न त्या रागाला पुरून उरत होता. तिने वाचलं असेल आणि तिला वाटलं असेल, सर आहेत ना, सर बोलतीलच. ते बोलत नाहीत म्हणजे त्यांनाच गट नको असेल, थकले असतील. सर नेहमी म्हणायचे, गप्प राहणं म्हणजे होकार.

हे मनात आलं आणि त्याने कप खाली ठेवला. गप्प राहणं म्हणजे होकार. सात दिवस ती सगळी माणसं त्याचं गप्प राहणं वाचत होती, त्यानेच शिकवलेल्या पद्धतीने, आणि त्याचा आदर करत होती.

आणि निकिता? तिचं गप्प राहणं पाऊस, दिवाळी, थंडीभर त्याच्यासमोर होतं. त्याने तरी काय वाचलं त्यात? एकदा, फक्त एकदा, “निकिता, तू बोल गं,” एवढं म्हणायला किती वेळ लागला असता! टेलर बाप खाटेवर बसून ऐकतोय आणि पोरगी फोनजवळ तोंड नेऊन म्हणतेय सत्तावन्न, आणि तो म्हणतोय, पुन्हा म्हण, ‘त्ता’ दाबून म्हण. रविवारी अकरा वाजता ती ते सगळं घेऊन बसायची. फुली लावून. हाक येईल म्हणून. परवानगी मागू नका, असं तिला तो सांगत राहिला, आणि तिने त्याचं ऐकलं, मागितली नाही, नुसती वाट पाहिली. त्याला रडू आलं. त्याने फोन उलटा केला.

तांबडा आकडा तिथेच होता. त्याने त्यावर बोट ठेवलं. पांढऱ्या पडद्यावर बराच वेळ नुसतं चक्र फिरत राहिलं आणि मग त्यावर आलं, की हा गट बंद झाला आहे, आपण केलेल्या कामाबद्दल आभार. वर वेळ होती. पाच वाजून बत्तीस मिनिटं. आकडाही गेला. त्या आकड्यात निकिताशिवाय आणखी कोण कोण होतं, कुठल्या गावचं, कोणी काय लिहिलं होतं, हे आता कळायची काही सोय नव्हती. पडद्यावर डाव्या कोपऱ्यात करडी गोलं असायची ती जागाही उरली नव्हती. निकिताचं नाव फक्त त्या गटात होतं, आणि आता शेखरचंही.

“वेदिका,” त्याने हाक मारली, पण ती बाल्कनीत कपडे काढत होती आणि रस्त्यावर रिक्षा ओरडत होती.

मग तो चावडीवर गेला. तिथे अजून लिहिता येत होतं, चौकट उघडी होती. आता त्याला मानपान आठवला नाही, रेहाना आठवली नाही. त्याने भराभर लिहिलं, चुका न सुधारता. सिन्नरची निकिता म्हणून एक मुलगी आहे, तिने मराठीचे एक ते नव्याण्णव आकडे बोलून ठेवले आहेत, चार महिने काम केलं आहे, तिचा निरोप माझ्यामुळे अडकला, ती उद्या पुण्याला जाते आहे, आवाजाच्या गटातल्या कोणीतरी तिला शोधा, तिला नावाने हाक मारा, ती आपण होऊन बोलणार नाही, तिला हाक मारावी लागेल. गट बंद करण्याला माझी हरकत आहे. माझी हरकत आहे, असं त्याने दोनदा लिहिलं आणि पाठवलं.

क्षणभर काही झालं नाही. मग त्याचं लिहिणं पडद्यावरून नाहीसं झालं आणि त्या जागी एक लहानशी पिवळी चौकट आली. तिच्यातले शब्द त्याने ओळखले. एका रविवारी दुपारी, वेदिका झोपलेली असताना, एकेक शब्द बदलून बदलून त्याने ते लिहिले होते, वाचणाऱ्याला परकं वाटू नये म्हणून.

‘तुमचा पहिला निरोप आमच्यापर्यंत पोचला आहे. घाबरू नका, सुरुवातीला सगळ्यांचाच थोडा वेळ थांबतो. आमच्यातला एक माणूस तो नक्की वाचेल आणि तुम्हाला आत घेईल.’

वेदिका कपड्यांचा ढीग घेऊन आत आली. “काय झालं?” तिने विचारलं. “हाक मारलीस का?”

शेखर पडद्याकडे बघत होता. तो माणूस तो स्वतःच होता.

“नाही,” तो म्हणाला.